बघितलेलं वजा मांडलेलं

१

वेधशाळेत तिला सगळे वजाबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याने नेम बरोबर धरला होता. तिचं कामच वजाबाकीचं. आकाशातला एखादा दगड कुठल्या वेळी कुठे असेल ते आधी मांडायचं. मग दुर्बीणवाला तो दगड खरोखर तिथे कधी आला ते बघणार. दुसऱ्या दिवशी बघितलेल्या वेळेतून मांडलेली वेळ वजाबाईंनी वजा करायची आणि उरेल तो फरक घेऊन बसायचं. फरक शून्य आला तर कुणी ढुंकून बघत नसे. फरक पडला की वजाबाईंना हाक. "आयुष्यभर हिने उरलंसुरलं गोळा केलं," असं तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा. ते तिला झोंबायचं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

सध्या तिच्या गळ्यात पडलेला दगड लहानसा होता, चार मजली इमारतीएवढा. दप्तरात त्याला आकड्यांचं लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला 'पाठची' म्हणत. मोठ्या बहिणीच्या मागून जन्माला येते ती पाठची, तशी ही पृथ्वीच्या मागून येणारी. फिरायची सूर्याभोवतीच, आपल्याच वाटेच्या आसपास, आणि फेरीला वेळही जवळजवळ आपल्याएवढाच लावायची. त्यामुळे इथून बघणाऱ्याला वाटायचं की बया आपल्याभोवतीच घिरट्या घालतेय. कधी थोडी पुढे, कधी थोडी मागे, पण पाठ काही सोडत नाही. रंगाने काळपट तांबूस. स्वतःभोवती अशी गरगरायची की तिच्यावर कुणी राहत असतं तर त्याचा दिवस निवांत चहा पिऊन होईपर्यंत मावळला असता. चंद्राचाच कधीकाळी उडालेला तुकडा असावा, असं मोठ्या लोकांचं म्हणणं. म्हणजे परकी नव्हे, घरातलीच. वर्षातून थोडेच आठवडे ती दुर्बिणीला सापडायची.

यंदा सापडली आणि लगेच फरक उण्यात गेला; वजाबाकी हल्ली संगणक करून द्यायचा, वजाबाईने ती वाचायची. उणं म्हणजे वेळेआधी. बघितलेली वेळ मांडलेल्या वेळेपेक्षा कमी, म्हणून उणं. हे वजाबाईंनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. एवढासा दगड उन्हाने तापतो, ती ऊब एका अंगाने सोडतो, आणि तेवढ्यानेही त्याची चाल बदलते. लहान दगडांचं असं चालायचंच. तिने शेरा टाकला, 'पाठची वेळेआधी येत आहे', आणि डबा उघडला.

२

घरी अबोला चालू होता.

कारण म्हटलं तर क्षुल्लक. शेजारच्यांकडे चहाला गेले असताना नवरा म्हणाला, "आमच्या हिला आकाशात दगड आला-गेला की पटकन कळतं. घरात कोण आलं-गेलं, ते मात्र सांगावं लागतं." शेजारी पोट धरून हसले. वजाबाई हसली नाही. घरी येऊन तिने पातेलं आपटलं, आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप. अबोला तिच्या हातचा होता आणि ती तो मन लावून पाळत होती. नवऱ्यानेच आधी वाकायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं.

नवरा पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा. त्याचं घरी येणं सगळ्या गल्लीला पाठ होतं. गल्लीतले दिवे घड्याळावर लागायचे, बाहेर उजेड असो वा नसो, आणि ते लागता लागता फाटकाची कडी वाजायची. मग टाकीवरच्या, पाण्यात घालायच्या औषधाच्या वासाने छातीत बसलेला तो कोरडा खोकला. मग पायरीवर दोनदा आपटलेले बूट. मग किल्लीने दार उघडून किल्ल्या पितळी वाटीत टाकल्याचा खणखणाट, आणि त्यावर आरोळी: "आलो गं. सोडा तोफा." एकेकाळी ती त्याला 'स्वारी' म्हणायची, त्याचं हे उत्तर. लग्न जुनं झालं तसं 'स्वारी' म्हणणं मागे पडलं, तोफा तेवढ्या राहिल्या.

त्या दिवशी ती ओट्यापाशी भाजी चिरत होती. कडी वाजली. खोकला. बूट, दोनदा. वाटीत किल्ल्या. "आलो गं. सोडा तोफा."

तिने नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. अबोल्यात पाठ फिरवणं ही अर्धी लढाई असते. बराच वेळ मागे काही हललं नाही, म्हणून तिने हळूच मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. ती बाहेरच्या खोलीत गेली. दार बंद. वाटी रिकामी. पायपुसणं कोरडं. तिला वाटलं, शेजारच्यांचं फाटक असेल. मग वाटलं, शेजारी कशाला तोफा सोडायला सांगेल. भाजी अर्धी परतून झाली असेल, तेव्हा घंटा वाजली.

दाराच्या वरच्या भागात दुधी काच होती. काचेमागे नवऱ्याच्या उंचीचं, नवऱ्याच्या खांद्यांचं कुणीतरी उभं होतं. तिने दार उघडलं. नवराच होता.

"किल्ली विसरलो," तो म्हणाला. आत आला, बूट काढून शेजारी शेजारी ठेवले, हात धुतले, जेवायला बसला. जेवताना म्हणाला, "छान झालंय."

वजाबाईच्या हातातला डाव थांबला. या माणसाने इतक्या वर्षांत तिच्या स्वयंपाकाला कधी छान म्हटलं नव्हतं. 'मीठ विसरलीस की माझ्यावरच्या रागात टाकलंस?' ही त्याची कौतुकाची परिसीमा. पण अबोला त्याने मोडला होता, तोही गोड बोलून. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. तिने त्याला आणखी एक पोळी वाढली.

३

दुसऱ्या दिवशी तेच. कडी, खोकला, बूट, किल्ल्या, आरोळी, आणि कुणी नाही. मग घंटा, आणि नवरा.

तिसऱ्या दिवसानंतर तिने ते मनावर घेतलं. बाई वेधशाळेतली, भूतबीत मानणं तिच्या इभ्रतीला शोभलं नसतं. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्याने कानात दिवा घातला, यंत्र लावलं आणि म्हणाला, "कान ठणठणीत आहेत तुमचे. माझ्यापेक्षा बरे." मग तिने स्वतःशी विचार केला तो असा: घर जुनं झालं की त्याला माणसाची सवय लागते. माणूस यायच्या आधीच त्याच्या येण्याचा आवाज होतो. शास्त्रात बसत नाही, पण शास्त्रात बसत नाही असं रोज काहीतरी घडतं आणि कुणी नोंद करत नाही म्हणून राहून जातं. थोडक्यात, नवऱ्याचा आवाज वेळेआधी येत होता. पाठचीसारखा.

हे तिला सुचलं तेव्हा ती एकटीच हसली. मग हसू विरलं, कारण तिच्या लक्षात आलं की दोन्ही फरक सोबत वाढताहेत. पाठची रोज थोडी जास्त उण्यात. घरीही तसंच. आधी भाजी परतेपर्यंतचं अंतर होतं, मग कुकर होईपर्यंतचं, मग धुणं वाळत घालून परत येऊन बसेपर्यंतचं. ती अंतर बिनचूक ताडायची. तो तिचा धंदाच होता. आवाज झाला की ती चहाचं आधण ठेवायची नाही, थांबायची; अंदाज घेऊन मग ठेवायची, आणि घंटा वाजेपर्यंत चहा गाळून तयार. नवरा कप हातात घेऊन म्हणायचा, "वा."

एकदा तिने त्याला सांगितलं. "अहो, तुमच्या आधी तुमचा आवाज येतो घरात." पूर्वीचा असता तर ही गोष्ट त्याने आठवडाभर पुरवली असती, सगळ्या गल्लीला बोलावून ऐकवली असती. तो फक्त म्हणाला, "असेल," आणि तिच्याकडे बघत राहिला. जेवतानाही हल्ली तो असाच बघायचा. ती घास कसा घेते ते बघून मग स्वतः घ्यायचा.

सुधारलाय, असं ती मनाशी म्हणाली. उशिरा का होईना.

४

वाईट वाटायला लागलं ते आवाजाचं. कारण तो आता नुसता येऊन थांबत नव्हता. किल्ल्या वाटीत पडल्यावर पावलं स्वयंपाकघरापर्यंत यायची, उजवा पाय जरासा ओढत, पंपघराच्या जिन्यावरून पडल्यापासून ओढायचा तसा. खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा, खुर्ची मात्र जागची हलायची नाही. आणि मग बोलणं. मोठ्याने नाही, पलीकडच्या खोलीतून भिंतीआडून यावं तसं.

"अजून राग गेला नाही वाटतं."

ती गॅस बारीक करून ऐकायची.

"बरं, चुकलं माझं. शेजाऱ्यांसमोर बोलायला नको होतं. झालं?"

हवेला काय उत्तर देणार? तिला वाटलं, हे तो आल्यावर म्हणणार असेल. आधी ऐकू आलं एवढंच. म्हणून ती त्या रात्री वाट बघत राहिली. नवरा आला, घंटा वाजली, चहा प्यायला, छान झालंय म्हणाला, झोपला. माफीचा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, "अगं, निदान माझ्याकडे बघ तरी." तेही तो आल्यावर म्हणाला नाही. कशाला म्हणेल? ती तर त्याच्याकडेच बघत होती.

मांडलेलं खरं व्हायला हवं. खरं होत नसेल तर मांडणीत चूक. एवढं कळण्याइतकी वजाबाकी तिने केली होती, पण घरात कुणी वजाबाकी करत नाही. आपल्याशी गोड वागणाऱ्या माणसाची तर नाहीच नाही.

रविवारी परगावच्या लेकीचा फोन आला. "आई, बाबांना काही होतंय का गं?"

"काय होणार? छान आहेत. हल्ली भांडतसुद्धा नाहीत."

"तेच म्हणतेय मी. मला 'बाळ' म्हणाले."

"मग वडील बाळ नाही म्हणणार तर काय?"

"मला ते भोपळी म्हणतात, आई. जन्मल्यापासून. लग्नात सासऱ्यांच्या समोर भोपळी म्हणाले होते, मी आठ दिवस रडत होते. आज मी मुद्दाम म्हटलं, भोपळीला विसरलात का? तर म्हणाले, 'भोपळी कोण?'"

वजाबाईने बैठकीकडे बघितलं. नवरा खिडकीशी खुर्चीत बसला होता, हात गुडघ्यांवर, पाय जुळवून, फोटो काढायला बसवल्यासारखा. सुट्टीच्या दिवशी तो एरवी दुपारभर घोरत पडायचा. फोन चालू आहे असं दिसताच त्याने तिच्याकडे बघून मान डोलावली.

"वय होतंय गं आमचं," ती लेकीला म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

५

पुढच्या आठवड्यात दुर्बीणवाला संध्याकाळच्या पाळीला लवकर आला. सगळे त्याला घुबड म्हणत, कारण तो दिवसा कुणाला दिसायचा नाही आणि दिसलाच तर डोळे मिचकावत दिसायचा. वजाबाईच्या टेबलावर टेकून तो चहा फुंकत म्हणाला, "काय वजाबाई, तुमची पाठची यंदा फारच रखडली."

"रखडली? वेळेआधी येतेय ती. माझे शेरे वाचत नाही का कुणी?"

"शेरे तुम्ही लिहा. मी डोळ्यांनी बघतो. तुम्ही मांडलेल्या जागी दुर्बीण लावून बसतो, ती नसतेच तिथे. मागून येते, रमतगमत. रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा. परवा तर मी डुलकी काढली मधे."

"फरक उण्यात आहे," वजाबाई ठामपणे म्हणाली. "उणं म्हणजे आधी."

पलीकडच्या टेबलावरून नवे साहेब वळले. साहेब तरुण, बाहेरून शिकून आलेले, स्वभावाने बरे. "बाई, तुम्हाला मी सांगितलं होतं ना? यंदापासून आपण उलटं करतोय. मांडलेलं वजा बघितलेलं. दुसरीकडे सगळे तसंच करतात, म्हणून संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये क्रम बदलला. आता उणं म्हणजे उशिरा." मग तिचा चेहरा बघून मवाळपणे म्हणाले, "चालतं हो. शेरे बदलून टाकू."

घुबड हसला. "वजाबाईंची वजाबाकी चुकली. पेढे द्या आता."

वजाबाईही हसली, तोंडातल्या तोंडात. एवढ्या वर्षांत असली चूक तिच्या हातून झाली नव्हती. चिन्ह तिने वाचलं, पण कशातून काय वजा केलंय ते बघितलं नाही. अंतर बरोबर, आकडा बरोबर. फक्त कोण वेळेवर आणि कोण मागून, एवढं उलटं धरलं.

ती शेरे बदलायला बसली. 'आधी' खोडून 'उशिरा'. खोडता खोडता तिची बोटं थांबली.

घरी तिने घड्याळाकडे बघितलंच नव्हतं. वजाबाकी करणाऱ्याला उरलेलं तेवढं दिसतं. आवाज आणि घंटा यांच्यातलं अंतर तिने रोज मोजलं, ते बिनचूक होतं. पण आवाज व्हायचा तेव्हा खिडकीबाहेर काय असायचं? तिने डोळे मिटून आठवलं. ओट्यावर पिवळा उजेड पडलेला असायचा. गल्लीतला दिवा नुकताच लागलेला असायचा. पहिल्या दिवशीही, कालही. आवाज कधीच लवकर आला नव्हता. तो येत होता नेहमीच्याच वेळेला, औषधाचा खोकला घेऊन, पाय ओढत, स्वतःच्या किल्लीने दार उघडून. मागे पडत होता तो घंटा वाजवणारा. किल्ली नसलेला. जेवणं रोज उशिरा होऊ लागली होती, बातम्या संपून जायच्या, आणि ती पंपावरच्या कामाला शिव्या घालत होती.

मग तो रोज कुणाच्या मागून येत होता? आणि ती रोज कुणाला दार उघडत होती?

"बरं नाही वाटत," असं काहीतरी बोलून ती उठली. साहेब म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका हो, एका चिन्हाचं तर आहे."

६

बसमधून उतरून ती जवळजवळ पळत गेली. या वयात पळणाऱ्या बाईकडे लोक बघतात, बघू देत. गल्लीतला दिवा अजून लागला नव्हता. तिने दार उघडलं, आत आली, आणि बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, हातातली पिशवी तशीच धरून. काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. अबोला धरायला बाईला फार अक्कल लागत नाही, सोडताना लागते.

पिवळा उजेड खिडकीतून जमिनीवर पडला. फाटकाची कडी वाजली.

खोकला. बूट, एकदा, दोनदा. दार हललं नाही, पण दाराच्या अलीकडे हवा किंचित गार झाली आणि टाकीच्या औषधाचा वास आला. वाटीत किल्ल्या पडल्या. "आलो गं," आवाज म्हणाला, अगदी जवळून, आणि तोफांचं काही म्हणाला नाही. दमलेला वाटला. इतके दिवस कुणी ओ देत नाही म्हटल्यावर माणूस दमणारच.

"आलात?" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "अहो, बसा. मी आहे इथे. तुम्हीच आहात ते मला आज कळलं. मी राग सोडला. कधीच सोडला. बसा ना, चहा टाकते."

नळाचं पाणी ठिबकत होतं. मग हसल्यासारखा आवाज झाला, त्याचा तो नाकातला.

"बोललीस होय."

"बोलले. काय हवं ते ऐकवा आता. चिडवा. शेजाऱ्यांना बोलवा हवं तर."

पावलं तिच्या अगदी समोर येऊन थांबली, असं तिला वाटलं. तिने हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही; नुसता गारवा, आणि तोही सरकला. उजवा पाय ओढत पावलं मागे वळली.

"येतो गं," तो म्हणाला.

घरातून निघताना माणूस 'जातो' म्हणत नाही. इतकी वर्षं रोज सकाळी डबा घेऊन हेच म्हणायचा, आणि ती आतूनच 'हं' करायची. फाटकाची कडी वाजली, या वेळी बाहेरच्या बाजूने. "अहो," ती म्हणाली, "अहो, थांबा," पण ते ऐकायला तिथे कुणी उरलं नव्हतं. तिला रडू आलं. नवरा गेल्यावर बायका जशा रडतात तशी ती जमिनीवर बसून रडली, आणि नवरा केव्हा गेला ते तिला सांगता आलं नसतं. घरातल्या घरात तो किती दिवस ताटकळत होता, एवढंच तिला कळत होतं.

डोळे पुसून उठताना तिची नजर वाटीकडे गेली. वाटीत किल्ल्या होत्या. खऱ्या, लोखंडाच्या, त्याच्या पंपघराच्या बिल्ल्यासकट. परत यायचं असतं तर त्याने त्या नेल्या असत्या.

तिने किल्ल्या मुठीत घेतल्या आणि खुर्चीत बसली. दिवा लावला नाही. चहा टाकला नाही. आज घंटा वाजायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणार हे तिला ठाऊक होतं, आणि किती, तेही तिला साधारण मांडता आलं असतं. तिने मांडलं नाही. शेजारच्यांच्या बातम्या सुरू झाल्या आणि संपल्या. कुणाच्या तरी घरी भांडी घासून पालथी घातली. गल्ली निजायला लागली, तेव्हा दुधी काचेमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

फाटकाचा आवाज झाला नव्हता. कधीच होत नव्हता, हे तिच्या आता लक्षात आलं.

काचेमागे तीच उंची, तेच खांदे. डोकं मात्र काचेच्या फार जवळ होतं, आत घरात कुणी आहे का ते ऐकत असल्यासारखं. ते बराच वेळ तसंच राहिलं. मग घंटेकडे हात न जाता बाहेरून एक आवाज आला. कोरडा, छोटा. जरा थांबून पुन्हा एकदा, थोडा वेगळा. ती ऐकत होती. तो खोकून बघत होता. एकदा फार बारीक झाला, एकदा फार ओला. मग एकदा नेमका जमला, छातीत बसलेला, औषधाच्या वासाचा, तिच्या नवऱ्याचा. त्यानंतर दोन बूट पायरीवर आपटले. मग उजवा पाय ओढल्याचा आवाज, जागच्या जागी.

आता मागे कुणी नव्हतं ना पुढे. आता हा एकटाच होता; येईल ती त्याची वेळ.

"आलो गं," तो म्हणाला. मग, शब्द आठवावा लागल्यासारखा थांबून, "सोडा तोफा."

हुबेहूब. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, कारण इतके दिवस तिला हेच ऐकायचं होतं.

"अगं," दारामागून आवाज आला, जरा चिडवल्यासारखा, "घरात कोण आलं-गेलं, ते तुला सांगावंच लागतं का?"

मुठीतल्या किल्ल्या तिच्या तळव्यात रुतत होत्या. बसून राहायचं, असं ती स्वतःला सांगत होती. सांगत असताना ती उठली, अंधारात न चाचपडता दारापर्यंत गेली, आणि तिचा हात इतक्या वर्षांच्या सवयीने कडीवर गेला.